३,८१२ फ्रेम आणि धड एकही फोटो नाही: स्ट्रीट फोटोग्राफी शिकणाऱ्या एकाचं प्रकरण

मावसभावाने एका रात्री मला आख्खा फोल्डर शेअर केला आणि खाली एवढंच लिहिलं, "ताई, एकतर माझ्यात काहीतरी कमी आहे नाहीतर कॅमेऱ्यात, तूच बघून सांग." अकरा रविवार, ३,८१२ फ्रेम. मी बारा वर्षं रस्त्यावर फोटो काढतेय, पोट त्याच्यावर नाही पण हाताला सवय आहे, त्यामुळे घरात फोटोचं काहीही निघालं की ते माझ्या गळ्यात येतं. हे लिहितेय ते त्याला विचारून, त्याचं नाव न देता. लिहावंसं वाटलं कारण यात पहिलं निदान मी चुकवलं, आणि तेही असं छातीठोकपणे चुकवलं की आता आठवलं तरी कसंतरी होतं.

आधी मुलाबद्दल. वय चोवीस, स्वभावाने गप्प, हातात क्रॉप सेन्सरचा (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा, सोबत १८-५५ मिलिमीटरची साधी किट लेन्स आणि लांबचं जवळ आणणारी ५५-२०० झूम. व्हिडिओ बघून बघून थिअरी माझ्यापेक्षा जास्त पाठ. फोल्डर उघडला तर सगळीकडे पाठी. चालत जाणाऱ्यांच्या पाठी, टोप्या, दप्तरं, छत्र्या, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून टिपलेली माणसं. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) बरोबर, फोकस बरोबर, आणि बघताना कुठेच नजर अडकत नाही, सरसर पुढे जात राहते. दोन तृतीयांश फोटो झूमवर, त्यातले बरेच थेट दोनशेवर, म्हणजे फुल फ्रेमच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) हिशोबात तीनशेच्या आसपास. एवढ्या लांबून काढलं की पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटल्यासारखं दिसतं (हे लेन्समुळे होतं असं सगळे म्हणतात, खरं ते अंतरामुळे होतं, लेन्स फक्त तेवढाच तुकडा कापून देते), आणि बघणाऱ्याला आपण तिथे उभे आहोत असं वाटतच नाही, खिडकीआडून बघतोय असं वाटतं.

मी पाच मिनिटांत निकाल दिला. भीती. मुलगा घाबरतो, म्हणून लांबून काढतो, म्हणून पाठी येतात. रॉबर्ट कापाचं ते वाक्य पण त्याच्या तोंडावर फेकलं, फोटो बरा येत नसेल तर तू पुरेसा जवळ गेलेला नाहीस, ते. आता कापा हा युद्ध टिपणारा माणूस, १९५४ मधे सुरुंगावर पाय पडून गेला, त्याचं जवळ जाणं आणि बस स्टॉपवरच्या माणसाच्या जवळ जाणं यात काय नातं आहे हे मी त्या रात्री स्वतःला विचारलं नाही. वाक्य चांगलं आहे ना, मग मार.

उपचार असा. झूम कपाटात. किट लेन्स २३ वर फिरवायची आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची, म्हणजे फुल फ्रेमची ३५ झाली. अपर्चर (उजेड आत घेणारं लेन्समधलं छिद्र) एफ ८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. ऑटोफोकस बंद, साधारण अडीच मीटरवर असलेल्या कशावर तरी फोकस धरायचा आणि मॅन्युअलला टाकून विसरून जायचं. क्रॉप सेन्सरवर २३ ला एफ ८ धरलं तर अडीच मीटरच्या फोकसला जवळपास १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं पुरेसं शार्प मिळतं, यालाच झोन फोकस म्हणतात, आणि याचा खरा फायदा म्हणजे कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, बटण दाबलं की फोटो. शटरचं गणित पण सोपं आहे. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे १/६० ला दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकतो आणि १/५०० ला तीन मिलिमीटरच्या आत. कडक उन्हात या सेटिंगला आयएसओ १२५ च्या आसपास पुरतो, सावलीत साधारण तीन स्टॉप खाली गेलं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) तर हजारावर जातो, आजच्या सेन्सरना हजार म्हणजे काहीच नाही. हा तांत्रिक भाग मी आजही कुणालाही असाच सांगेन, यात चूक नव्हती.

चूक पुढच्या वाक्यात होती. "आता जा आणि दोन मीटरवरून काढ, बाकी आपोआप येईल."

मग तो बस स्टॉपचा प्रकार झाला. तिसऱ्याच रविवारी. स्टॉपवर एक बाई उभी होती, मागे जाहिरातीचा मोठा चेहरा, दोघींची मान एकाच बाजूला कललेली, म्हणजे त्याने बघितलं होतं बरोबर, हे मी मुद्दाम सांगतेय. तो झपाझप जवळ गेला, कॅमेरा छातीपाशी धरून न बघता एक क्लिक केला, आणि लगेच वळून उलट्या दिशेने चालायला लागला. बाईंनी हाक मारली, "ए, थांब. फोटो काढलास ना माझा?" हा म्हणाला, "नाही." त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. मग आवाज वाढला, दोन माणसं मधे पडली, कॅमेरा दाखव म्हणाले, दाखवला, फोटो निघाला, खोटं बोलला हे चारचौघांत उघडं पडलं, डिलीट केला, माफी मागितली, घरी आला आणि दोन आठवडे कॅमेऱ्याला हात लावला नाही. मला सांगितलं पण नाही, मावशीकडून कळलं.

मी फोन केला तेव्हा तो एकच गोष्ट बोलला ती मला लागली. "ताई, तू जवळ गेलीस तर लोक हसतात. मी गेलो तर लोक बॅग पकडतात." आणि हे खरं होतं. मी चाळिशीची बाई, गळ्यात जुना कॅमेरा, लोकांना मी निरुपद्रवी वाटते, अर्धे लोक मलाच पत्ता विचारतात. दाढीवाला उंच मुलगा एका बाईच्या दिशेने झपाझप जाऊन न बघता क्लिक करून पळतो तेव्हा तिला काय वाटेल? माझ्या अंगावर बेतलेला सल्ला मी त्याला घातला होता. स्ट्रीटवाल्यांचे सल्ले ऐकताना सांगणारा कसा दिसतो हे आधी बघावं, असं माझं आता मत झालंय.

दोन आठवडे तो काही काढत नव्हता म्हणून मी त्याचे जुनेच फोटो परत काढून बसले, या वेळी फोटो न बघता मेटाडेटा, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमधे केलेली नोंद, बघायला. फोकल लेंथ (लेन्स किती मिलिमीटरवर होती ती) आधीच बघितली होती. आता वेळ बघितली. कॅमेरा प्रत्येक फ्रेमला सेकंदापर्यंत वेळ लिहितो, ती ओळीने लावली आणि दहा मिनिटांत पोटात खड्डा पडला. एक फ्रेम, मग अर्धा मिनिट, चाळीस सेकंद काही नाही, मग एकदम वेगळ्या जागी दुसरी फ्रेम. मग परत तसंच. आख्ख्या ३,८१२ मधे एकाच दृश्याच्या तीनपेक्षा जास्त फ्रेम असलेल्या जागा मोजल्या तर सव्वीस. सव्वीस! झूमवर असताना, पलीकडच्या फुटपाथवर सुरक्षित उभा असताना, कुणी त्याच्याकडे बघत पण नसताना, तेव्हाही एकच क्लिक आणि पुढे. टेप लावल्यानंतरच्या तीन रविवारांतही हेच, फक्त माणसं जवळ आली.

म्हणजे भीती होती, नाही असं नाही, पण रोग तो नव्हता. तो थांबतच नव्हता. दिसलं, दाबलं, निघाला. भीतीने पळत असता तर लांबून काढताना तरी थांबला असता.

असं का करतोस विचारलं तर म्हणे, "पण क्षण एकच असतो ना." आलं लक्षात. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ. १९५२ च्या त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी नाव 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचं ठेवलं गेलं आणि तेव्हापासून तीन पिढ्यांनी समजून घेतलं की मास्तर लोक वाट बघतात, एकदाच दाबतात आणि फोटो होतो. मूळ फ्रेंच नाव वेगळंच होतं, घाईघाईत, चोरट्यासारखी काढलेली चित्रं असं काहीतरी, ते कितीतरी खरं वाटतं. आणि त्याच्या कॉन्टॅक्ट शीट (रोलवरच्या सगळ्या फ्रेम ओळीने छापलेला कागद) ज्या बाहेर आल्यात त्यात एकाच दृश्याच्या चार, सहा, दहा फ्रेम ओळीने दिसतात, पुढे सरकून, बाजूला होऊन, परत. १९३२ चा तो पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणारा माणूस, सगळ्यांना पाठ असलेला, तो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढलेला आणि नंतर क्रॉप केलेला (कडा कापलेला) आहे, आणि क्रॉप न करण्याबद्दल तर या माणसाची ख्याती. लोकांना फोटो दिसतो, शीट दिसत नाही. आपल्याला छापलेली एकच फ्रेम दिसते म्हणून काढताना पण एकच काढली असेल असं वाटतं.

त्याला मी आकडे पण दिले. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक १९५५-५६ मधे अमेरिकाभर फिरला, सत्तावीस-अठ्ठावीस हजार फ्रेम काढल्या आणि पुस्तकात गेले ८३. तर तो हिशोब करून म्हणाला, "म्हणजे तीनशेला एक धरला तरी माझ्या ३,८१२ मधे बारा-तेरा हवेत." हुशार आहे, त्याला गप्प करणं सोपं नाही. पण फ्रँकची नजर आणि त्याने फ्रेम कुठे खर्च केल्या ते पण मोज म्हटलं.

दुसरा उपचार अगदी साधा, आणि त्याला पहिल्यांदा अपमानास्पद वाटला. फिरायचं नाही. एक कोपरा निवडायचा, चाळीस मिनिटं तिथून हलायचं नाही, चार रविवार तोच कोपरा तीच वेळ. सॉल लायटर या फोटोग्राफरने त्याचे पुष्कळसे फोटो न्यूयॉर्कमधल्या स्वतःच्या घराच्या आसपासच्या काही गल्ल्यांतच काढले, त्यामुळे कोपरा पुरत नाही ही सबब चालणार नव्हती. कोपरा निवडायचे निकष मी दिले होते. एका बाजूने ऊन कापून येत असावं, म्हणजे काही भाग लखलखीत आणि काही अंधारात. माणसं दोन दिशांनी येत असावीत, नाहीतर परत पाठीच मिळतात. आणि मागची भिंत किंवा जे काय असेल ते माणूस नसतानाही बघावंसं वाटलं पाहिजे. आधी रिकामी फ्रेम लावायची, कडा तपासायच्या, काय आत येतंय काय कापलं जातंय, खांब कुणाच्या डोक्यातून उगवतोय का, आणि मग गळ टाकून बसायचं. शिकार करणारे आणि गळ टाकणारे असे दोन प्रकार सांगतात स्ट्रीटमधे, मी स्वतः शिकारीवाली आहे, मला बसवत नाही, पण शिकायला गळ बरा असं मला या प्रकरणानंतर वाटायला लागलंय.

याचा एक फायदा मला आधी कळलाच नव्हता. तुम्ही एका जागी उभे असता तेव्हा लोक तुमच्या दिशेने चालत येतात, तुम्ही त्यांच्या दिशेने जात नाही. कॅमेरा डोळ्याला लावलेला, उघड, सगळ्यांना दिसतोय. ज्याला नको असेल तो बाजूने जातो. बॅग कुणी पकडत नाही कारण हा माणूस आधीपासूनच तिथे आहे, भिंतीसारखा. दाबल्यावर कॅमेरा लगेच खाली घ्यायचा नाही, डोळ्यालाच ठेवायचा, माणूस फ्रेममधून निघून गेला तरी. आणि कुणी विचारलंच तर खरं सांगायचं, "हो, काढलाय, बघायचाय?" आणि नको म्हणाले तर समोर डिलीट, वाद नाही. कायद्याने हक्क असला तरी. कायदा तसाही जागेगणिक वेगळा. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे त्याची संमती लागते, काही अपवाद सोडून, तर न्यूयॉर्कमधे फिलिप-लॉर्का डिकोर्सिया या फोटोग्राफरवर एका माणसाने न विचारता काढलेला चेहरा प्रदर्शनात लावल्याबद्दल खटला भरला होता तो २००६ मधे कोर्टाने कलेच्या बाजूने निकाली काढला. आपण जिथे उभे आहोत तिथला नियम आधी वाचून ठेवावा. लहान मुलं आणि रस्त्यावर झोपलेली माणसं, हे दोन विषय मी त्याला सरळ बंद केले, तो माझा नियम आहे, पटला तर घ्या.

कॅमेऱ्याची स्क्रीन पण बंद. दाबल्यावर लगेच काय आलं बघायला मान खाली घातली की समोरचं पुढचं गेलं.

पहिले दोन रविवार काही नाही. दुसऱ्या रविवारी त्याचा मेसेज, "ताई, कंटाळा येतोय." मी म्हटलं बरोबर चाललंय. फ्रेम मात्र बदलायला लागल्या होत्या. वेळेच्या रांगेत आता दोन सेकंद, तीन सेकंद, एक सेकंद, मग मोठा खंड, मग परत झुबका. झुबके दिसायला लागले की मला बरं वाटतं.

तिसऱ्या रविवारी काच पुसणारा आला. कोपऱ्यावरच्या इमारतीला तळमजल्यावर मोठी काच आहे, आतून एक माणूस स्टुलावर उभा राहून ती पुसत होता, एका हातात वायपर, दुसऱ्या हातात फडकं. त्याच्या एकोणीस फ्रेम आहेत, साडेसहा मिनिटांच्या, आणि माझ्या दृष्टीने हे सगळं प्रकरण त्या एकोणीस फ्रेममधे आहे, म्हणून जरा सविस्तर.

एक ते चार फ्रेममधे नुसता माणूस आणि फेस, मधोमध, जुन्या सवयीने. इथे आधीचा तो निघून गेला असता. पाचवीत एक चालणारी बाई काचेपुढून जाते, तिचं डोकं आणि आतला हात एकमेकांत अडकून घोळ होतो, काही कळत नाही. पण हा घोळ त्याला दिसला. सहावी, सातवी थोडी खालून आहे, म्हणजे तो गुडघ्यात वाकला, कारण वाकल्यावर रस्त्यावरची डोकी वर जातात आणि काचेतल्या हाताच्या बरोबर खाली येतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आठ ते बारा नुसती नेमबाजी, कुणी उंच पडला, कुणी बुटका, एक छत्री. तेरावीत काच अर्धी स्वच्छ झालीये, वायपरचे सरळ पट्टे, रस्त्याचं प्रतिबिंब त्या पट्ट्यांत कापलं गेलंय. चौदावीत एक टक्कल असलेले गृहस्थ जातात, आणि आतला हात फडक्याने गोल गोल, थेट त्यांच्या डोक्यावर, जसं काही टक्कल पॉलिश करून देतोय. चेहरा दिसत नाही, ऊन नेमकं टकलावर. बघितलं की हसू येतंच, मी तर ऑफिसात मोठ्याने हसले.

पंधरा, सोळा काही नाही. सतरावीत आतल्या माणसाने हात थांबवलाय, स्वच्छ झालेल्या भागातून तो बाहेर कुणाकडे तरी बघतोय, जे फ्रेममधे नाही, आणि त्याच्या भोवती अजून न पुसलेला फेस आहे, आणि काचेत पलीकडच्या रस्त्यावरचं ऊन. अठरा-एकोणीस तो खाली उतरतो. संपलं.

चौदावीनंतर हा पाच फ्रेम थांबला याचं मला चौदावीपेक्षा जास्त कौतुक वाटलं. जोक मिळाल्यावर माणूस निघतो. मी निघाले असते, खरं सांगते.

निवडण्याच्या बाबतीत मी एक अट घातली होती, तीन आठवडे फोटो उघडायचेच नाहीत. गॅरी विनोग्रँड हा स्ट्रीट फोटोग्राफर फिल्म मुद्दाम उशिरा डेव्हलप करायचा, काढताना कसं वाटत होतं ते विसरायला, म्हणजे फोटोकडे फोटो म्हणून बघता येतं. (त्याचंही जरा अतीच झालं म्हणा, १९८४ मधे गेला तेव्हा अडीच हजारांच्या आसपास रोल न धुतलेले निघाले.) मुलाला तीन आठवडे जमले नाहीत, नऊ दिवस जमले. त्या नऊ दिवसांनंतर त्याने चार रविवारांच्या ६४० फ्रेममधून दोन निवडल्या. चौदा आणि सतरा. इथून आमचं भांडण.

तो म्हणतो चौदा. त्यात वेळ आहे, जुळणी आहे, वाकून मिळवलेली उंची आहे, आणि कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मी म्हणते सतरा. चौदा एकदा हसवतो आणि मग त्यात परत जायला काही उरत नाही, शिवाय ते हसणं त्या गृहस्थांच्या जिवावर आहे, ज्यांना आपण फोटोत आहोत हे माहीतही नाही. चेहरा नाही म्हणून चालेल हे मला निम्मं पटतं. त्यावर तो म्हणाला, "ताई, मग सतराव्यातल्या माणसाचा तर चेहरा दिसतोय, त्याला कुठे माहितीये?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा मुलगा तीन महिन्यांपूर्वी पाठी काढत होता.

मग त्यानेच मार्ग काढला. सतराचा छोटा प्रिंट काढला आणि पुढच्या रविवारी घेऊन गेला. काच पुसणारा त्या दिवशी नव्हता, त्याच्या पुढच्या रविवारी भेटला. प्रिंट बघून त्याने पहिलं विचारलं, "मी एवढा बारीक झालोय?" मग प्रिंट खिशात घातला आणि कामाला लागला. परवानगी वगैरे शब्द निघालाच नाही, पण आता कोपऱ्यावर हा दिसला की तो आतून वायपर हलवतो. याने फोटो जरा बिघडतात, कारण आता तो कॅमेऱ्याकडे बघतो.

चौदाचा प्रिंट काढलेला नाही. फोनमधे आहे, पाहुणे आले की दाखवतो, ऑनलाइन टाकत नाही. झूम अजून माझ्याकडे आहे, परत मागितली नाही, टेप पण निघालेली नाही. मागच्या आठवड्यात त्या काचेवर आतून धुरकट फिल्म चिकटवली, आता आतलं काहीच दिसत नाही, नुसतं रस्त्याचं प्रतिबिंब. मला वाटलं आता कोपरा बदलेल. रविवारी रात्री ७१ फ्रेमचा फोल्डर आला, सगळा त्याच काचेचा, आणि खाली मेसेज, "अजून बघू नकोस, नऊ दिवस थांब."